लोखंडी चावी कुठे ठेवायची, नंदाताई?

नंदाताई,

सोमवारची मीटिंग झाली. काय ठरलं ते शेवटी सांगते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मेधा, प्रस्तावना नको, निकाल बोल," आणि मी निमूटपणे बोलले असते. या वेळी मात्र तुला सगळं पहिल्यापासून ऐकावं लागणार आहे. तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही, आणि मध्ये तोडणारं माणूस नसलं की माझं बोलणं किती लांबतं ते मला आता कळायला लागलंय.

सोसायटीच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. आमच्या द्वारका उपनगरातल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी तुझं शिक्षण, तुझ्या यजमानांची, दादांची सरकारी नोकरी, तुमच्या बदल्या, दादा गेल्यावरही तू दिल्ली न सोडणं, हे सगळं ओळीने वाचून दाखवलं. "द्वारकेतल्या मराठी महिलांचा आधारस्तंभ" असंही म्हणाले. रडता रडता मला हसू फुटलं. अगं, तू कसली आधारस्तंभ! तू भांडकुदळ होतीस. तुझ्या बंद केलेल्या बाल्कनीत बसून आपण दोघींनी इतकी वर्षं लोकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू डिझाइन केल्या. डब्याची झाकणं, कपाटाच्या मुठी, पंख्याची बटणं. त्यातली एकही वस्तू भांडणाशिवाय त्या बाल्कनीबाहेर पडली नाही. शेवटच्या वस्तूचं तर भांडण अर्धवट टाकूनच तू गेलीस.

चढ्ढाजी पहिल्यांदा आले तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. करोलबागेत ऑफिस, मानेसरला प्लास्टिकचा कारखाना, गाड्यांच्या शोभेच्या वस्तूंचा धंदा. बसायच्या आधीच त्यांनी आपल्या पिकअपची चावी टेबलावर ठेवली. ठक्कन आवाज झाला. "देखिए मैडम, इतनी शानदार गाड़ी, और चाबी देखो. साबुन की टिकिया!" खरंच तशीच होती. बटण दाबून दार उघडायची रिमोटची चावी, काळी, फुगलेली, खिशात ठेवली तर पँट एका बाजूला ओढणारी. नवी सेक्टरं उठत होती, जमिनीचे दलाल आणि ठेकेदार त्या उंच पिकअपमधून हिंडत होते, आणि गुडगावात माणूस खुर्चीत बसायच्या आधी चावी टेबलावर मांडतो हे तुला माझ्याआधी माहीत होतं. चावी बघून समोरचा ठरवतो, चहा मागवायचा की नुसतं पाणी. चढ्ढाजींना बदली चावी हवी होती. काम तेच, पण अंगाने पातळ आणि दिसायला देखणी. तू म्हणालीस, "नाकापेक्षा मोती जड," आणि मग त्याचं हिंदी करून सांगता सांगता तुझी जी त्रेधा उडाली ती बघून ते बिचारे शेवटी "जी बिल्कुल, बिल्कुल" म्हणत काम देऊन गेले.

मला त्याच क्षणी काळजी लागली होती. डब्याचं झाकण चुकलं तर फार तर भाजी सांडते. चावी चुकली तर माणूस रस्त्यावर उभा राहतो.

तू मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी शाडूचा डबा काढून बसलीस. गणपतीत सोसायटीतल्या मुलांना मूर्ती शिकवून उरलेली माती तू ओल्या फडक्यात गुंडाळून जपायचीस, आणि जगातली कुठलीही वस्तू तुला आधी शाडूत हवी असायची. बाकीचे डिझाइनवाले कॉम्प्युटरवर फिरवून बघतात, तू हातात फिरवून बघायचीस. चावीचे पाच-सहा आकार केलेस, खिडकीत वाळत ठेवलेस. मग चढ्ढाजी आले आणि त्यातला एक त्यांनी उचलला. अंगठ्याला जिथे खळगा हवा तिथे खळगा, कडा विड्याच्या पानासारखी निमुळती. त्यांनी तो खिशात टाकला, काढला, परत टाकला. "बस, यही. इससे एक धागा भी मोटी नहीं चाहिए."

आणि मग आपल्या लक्षात आलं. शाडू वाळली की आकसते! गणपतीच्या बाबतीत त्याचं कोणाला काही नसतं, उलट मूर्ती जरा रेखीवच दिसते. पण तू ओल्या मातीचं माप नीट धरलं होतंस, सर्किट, बॅटरी, आतली छोटी लोखंडी चावी, सगळं बसेल असं. वाळल्यावर ती दोनेक मिलिमीटरनी बारीक झाली आणि चढ्ढाजी नेमके त्या दोन मिलिमीटरच्या प्रेमात पडले. महाराष्ट्रातून आलेल्या दोन बायकांशिवाय ही चूक जगात कोणी केली नसती. तू त्यांना सरळ सांगितलंस, "चढ्ढाजी, मिट्टी सूखके सिकुड़ गई है." ते म्हणाले, "तो अंदर का सामान भी सुखा दीजिए, मैडम."

आपण खूप हसलो. मग तुझं हसणं थांबलं आणि तू ते वाळलेलं रूप तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिलीस. मला तुझी ती नजर माहीत होती, म्हणून माझंही हसणं थांबलं. बॅटरी सर्किटच्या खाली न ठेवता शेजारी ठेवली तर एक मिलिमीटर सुटतो, तू म्हणालीस. आणि दुसरा? "दुसरा लोखंडी चावीचा. ती काढून टाकायची."

तिथून जे सुरू झालं ते तू जाईपर्यंत संपलं नाही.

हे आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी खरंच घाबरले होते. ती छोटी लोखंडी चावी रिमोटच्या पोटात असते ती एवढ्यासाठीच, की बॅटरी मेली तरी दार उघडावं. मी विचारलं, "बॅटरी संपली तर?" तू म्हणालीस, "दिवा आधी मंद होतो, कळतं." "नाही कळलं तर?" "लोखंडी चावी घरी असेल ना. वेगळी द्यायची, घरी खिळ्याला लावायची. फोन केला की कोणीतरी घेऊन येईल." "घरी कोणी नसलं तर?" तेव्हा तू पेन खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "मेधा, घरी कोणीतरी असतंच." मी चिडले. इतक्या मोठ्या घरात एकटी राहणारी बाई मला हे सांगत होती. मी म्हटलं, "तुझ्या घरी कोण असतं?" तू जराही न थांबता म्हणालीस, "समोरच्या टॉवरमध्ये तू असतेस की."

मी चहा टाकायला उठले.

तुला माझ्या या 'तर'चा कंटाळा आला नाही कधी, हे मला आज नवल वाटतं. घरी सगळे कंटाळतात. "मन चिंती ते वैरी न चिंती" हे माझी आई माझ्याकडे बघूनच म्हणायची. लेकीच्या, ईशाच्या जन्माच्या वेळी मी नोकरी सोडली आणि परत कामाला लागायची वेळ आली तेव्हा मला भीती वाटत होती की माझ्या हाताला आता काही येणारच नाही. मंडळाच्या हळदीकुंकवाला मी तुला हे उगाच बोलून गेले, आणि तू म्हणालीस, "मला अशीच घाबरणारी बाई हवीय. मी चुका करते, तू त्या आधी बघशील." इतक्या सहज म्हणालीस की मला वाटलं चेष्टा करतेस. दुसऱ्या दिवशी बाल्कनीत माझी खुर्ची मांडलेली होती. माझ्या काळजीला काम देणारी तू एकटी भेटलीस मला. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. मानले असते तर तू हाकलून दिलं असतंस, ते वेगळं.

संक्रांतीला आपण पानिपतला गेलो. दर वर्षी मंडळाची बस काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला जाते, पण या वेळी तू म्हणालीस, चढ्ढाजींनी अभ्यासासाठी त्यांची पिकअप दिलीच आहे चार दिवस, तर तीच नेऊ. स्वेटरवर शाल, पायात बूट, आणि एवढी मोठी गाडी तू अशी चालवत होतीस की हायवेवरचे ट्रकवाले वळून बघत होते. मी सगळा वेळ दाराच्या मुठीला धरून बसले होते. काला अंबला धुकं इतकं होतं की स्मारक जवळ गेल्यावरच दिसलं. साताऱ्याहून आलेली काही मंडळी तिथे माथा टेकत होती. तू हात जोडून बाजूला उभी राहिलीस, आणि गाडीकडे परत येताना त्या लढाईतल्या मराठ्यांबद्दल म्हणालीस, "इतक्या लांब आले बिचारे, आणि परतीचं काहीच ठरवलं नव्हतं." मी म्हटलं, "तेच मी तुला चावीबद्दल सांगतेय." तू माझ्या दंडाला चिमटा काढलास.

आणि गाडीपाशी येऊन बटण दाबलं तर दार गप्प. परत दाबलं, गप्प.  मी रिमोट उघडून आतली लोखंडी चावी काढायला लागले तशी तू माझा हात धरलास. "थांब. तिच्याशिवाय जमतं का बघू." रिमोट तू शालीच्या आत, बगलेत धरलास आणि धुक्यात उभी राहून मला सांगत बसलीस की सोलापूरला असताना तुमच्या घड्याळाचा सेल आई उन्हात ठेवायची. मी तुझ्याकडे बघत होते आणि घरी पोचायला अंधार होईल का हे मनात मोजत होते. थोड्या वेळाने तू बटण दाबलंस आणि दिवे लुकलुकले. "बघ! ऊब दिली की चालतं." तुझा चेहरा शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा झाला होता.

आपल्या दोघींनाही त्या दिवशी पुरावा मिळाला. तुला वाटलं, लोखंडी चावी लागत नाही. मला वाटलं, लागतेच. परतीच्या वाटेवर पार द्वारकेपर्यंत आपण त्यावर भांडलो, वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठे खातानासुद्धा. वेटर म्हणाला, "आंटी लोग, लड़ो मत, और मक्खन लाऊँ?"

एक गोष्ट मी तेव्हा कबूल केली नाही, आता सांगते. मला तुझीच चावी आवडायची. पहिल्यापासून. मी चोरून ती वाळलेली शाडूची चावी मुठीत धरून बघायचे आणि हात तिला सोडायला तयार व्हायचा नाही. इतकी सुंदर वस्तू आपण याआधी केली नव्हती. म्हणूनच मी जास्त भांडत होते. मला भीती वाटायची की सगळे तिच्या रूपावर भाळतील आणि 'तर' विचारायला कोणी उरणारच नाही.

होळीच्या आधीची ती सकाळ. चहाच्या वेळी तुझा फोन आला नाही. मी केला, वाजत राहिला. परत केला. म्हटलं अंघोळीला गेली असेल. मग म्हटलं, पण गेली नसेल तर? तुझ्या घराची जादा चावी माझ्याकडे, तुझ्याकडे माझी. इथे आपण सगळ्यांनीच असं केलेलं असतं, सुट्टीत गावी गेलं की तुळशीला पाणी घालायला कोणीतरी हवं. ती चावी मी कपाटाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. तिथे ती नव्हती. म्हणजे होती, पण रबरबँड, जुने सेल, गॅसचं पासबुक यांच्या खाली. मला दिसतच नव्हती. शेवटी अख्खा ड्रॉवर जमिनीवर पालथा केला. मग लिफ्ट वर गेलेली. मग तुझ्या टॉवरची लिफ्ट वर गेलेली. मग तुझ्या दाराशी आले तर चावी कुलपात सरळ जाईना.

तू कुशीवर झोपलेली होतीस, चष्मा उशाशी. डॉक्टर म्हणाले, "नींद में ही चली गईं, काफ़ी पहले. आप जल्दी आतीं तो भी कुछ नहीं होता." तुझा लेक अमेय पुण्याहून आला तेव्हा त्यालाही मी हेच सांगितलं, आणि माझ्या आईला, आणि ज्याने ज्याने विचारलं त्याला. दिवसा मला ते पटलेलं असतं.

तर आता सोमवार. चावीचा पोलादी साचा कापायला जायचा होता आणि पोलाद एकदा कापलं की परत फिरता येत नाही. मी दोन नमुने पर्समध्ये घेऊन करोलबागेला गेले. एक तुझा, पातळ, लोखंडी चावीशिवाय. एक माझा, लोखंडी चावी पोटात घेतलेला, मागे किंचित फुगीर. कुठला पुढे करायचा ते ठरत नव्हतं. खरं सांगू? मनातून मी ठरवलं होतं की तुझाच देऊन टाकू. तू गेलीस, आता निदान तुझी वस्तू तरी तुझ्या मनासारखी होऊ दे. सगळे असंच करतात ना.

चढ्ढाजी उभे राहून भेटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मैडम, कोई बहस नहीं. नंदा मैडम की जो इच्छा थी, वही बनेगी. उनकी निशानी समझ के." त्यांचा इंजिनिअर, जो इतके दिवस माझ्या बाजूने मान हलवायचा, तोही म्हणाला, "जी, बिल्कुल." टेबलाभोवती सगळे असे बसले होते, जणू तुझा हार घातलेला फोटो मध्ये ठेवलाय.

आणि नंदाताई, मला तुझा तो संताप आठवला. तो नोएडाचा कपाटाच्या मुठींचा कारखानदार तुझ्या पिकलेल्या केसांकडे बघून "आप बड़ी हैं, जैसा आप कहें" म्हणाला होता, तेव्हा तू ड्रॉइंग गुंडाळून उठली होतीस. "माझं वय बघून हो म्हणू नका, काम बघून नाही म्हणा," हे तू त्याला हिंदीत इतक्या जोरात सांगितलं होतंस की बाहेरचा चौकीदार आत आला होता. आता हे सगळे तुझ्याशी तेच करत होते. तू मेलीस म्हणून तुला हो म्हणत होते. आणि त्यात मीही होते.

मी माझा नमुना काढला आणि टेबलावर ठेवला. म्हटलं, "मैं नंदा मैडम से सहमत नहीं हूँ." चढ्ढाजींना कळेना मी काय बोलतेय. मी म्हटलं, "वो कहती थीं, लोहे वाली चाबी घर पे रखो, घर में कोई न कोई होता है. मैं थी. उनकी चाबी मेरे घर में थी. मुझे ढूँढने में देर लगी." मग मी त्यांना सगळी सकाळ सांगितली, ड्रॉवर पालथा केला तेसुद्धा. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, तुझ्याशी अप्रामाणिकपणे भांडायचं नव्हतं मला. तुझी बाजूही मांडली, पानिपतची ऊबसुद्धा. मग ती खोडली. माझा आवाज चढला होता, त्या लोकांना वाटलं असेल बाईला दुःख अनावर झालंय. दुःख होतंच. पण मी भांडत होते, रोजच्यासारखी, तुझ्याशी.

 मग चढ्ढाजींनी दोन्ही नमुने उचलले, खिशात टाकून बघितले, काढले. तुझा हातात जरा जास्त वेळ ठेवला, ते मी पाहिलं. "नंदा मैडम बुरा मानेंगी?"

"मानेंगी," मी म्हटलं. "बहुत."

त्यांनी माझा नमुना इंजिनिअरकडे सरकवला. तुझ्या कडा, तुझा अंगठ्याचा खळगा, सगळं तसंच आहे त्यात. फक्त पोटात लोखंडी चावी आहे. पोलाद कापायला गेलंय.

मी जिंकले, नंदाताई. करोलबागहून मेट्रोत बसले आणि तू काय म्हणतेस त्याची वाट बघायला लागले. इतकी वर्षं मी एक वाक्य बोलायचे आणि तुझं उत्तर मला तू तोंड उघडायच्या आधीच ऐकू यायचं. तू गावाला गेलेली असलीस तरी मी बाल्कनीत एकटी बसून दोन्ही बाजूंनी भांडू शकायचे. म्हटलं आता येईल. 'घाबरट' म्हणशील. माझी देखणी चावी फुगवलीस म्हणशील. किंवा नमुना हातात घेऊन फिरवत बसशील, आणि मग 'बरं' म्हणशील, जे तू मला कधीच म्हणाली नव्हतीस. राजौरी गार्डन गेलं, जनकपुरी गेली. मी डोळे मिटून कान देऊन बसले होते. द्वारका आलं, गाडी थांबली, दार उघडलं. माझ्या मागचा माणूस म्हणाला, "मैडम, उतरना है क्या?"

तेवढंच ऐकू आलं.